परवाना माणसाला असतो, घराला नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय ऐरणीवर आला. एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले. कमरेला पिस्तूल लावलेली छायाचित्रे आणि हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या. प्रशासनाने छाननी करून अनेक परवाने रद्द केले. परवाने कोणाला दिले, कोणाच्या शिफारशीने दिले, यावर सगळीकडे भरपूर लिहून आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र परवाना हातात पडल्यावर पुढची पाच वर्षे, म्हणजे परवान्याची मुदत संपेपर्यंत, ते शस्त्र कुठे असते, कोणाच्या हाती लागते, कसे रिकामे केले जाते, यावर कोणी फारसे बोलले नाही. अपघात होतात ते या पाच वर्षांत. म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, सामान्य नागरिकाने कायदेशीर मार्गाने शस्त्र बाळगायला माझा विरोध नाही. गावापासून लांब वस्तीवर राहणारे कुटुंब, रोख रकमेची ने-आण करणारा व्यापारी, रानडुकरांनी भुईमूग उद्ध्वस्त केलेला शेतकरी, नेमबाजीचा खेळाडू यांची गरज खरी असते. पण आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेशी तुलना करून हे पुन्हा स्पष्ट केले आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी दिलेली ही सवलत आहे. ती एका माणसाच्या नावाने, त्याचे वय, प्रकृती आणि चारित्र्य पाहून दिली जाते. परवान्यावर त्याचे छायाचित्र असते, शस्त्राचा क्रमांक असतो, राष्ट्रीय डेटाबेसमधला विशिष्ट ओळख क्रमांक असतो. घरातल्या इतर कोणाचाही त्यात उल्लेख नसतो. तरीही आपल्याकडे बंदूक ‘घरची’ समजली जाते. ट्रॅक्टर घरचा, मोटार घरची, तशी बंदूकही घरची. मुलगा घेऊन जातो, मेहुणा बघायला मागतो, ड्रायव्हर गाडीत सांभाळतो. माझी सगळी तक्रार या एका समजुतीविरुद्ध आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकऱ्याच्या स्वतःच्या नावावर शस्त्र नव्हते. त्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि त्या अंगरक्षकालाही शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. परराज्यातला परवाना असलेला माणूस पगारावर ठेवायचा आणि त्याचे शस्त्र आपल्या कपाटात ठेवून घ्यायचे, हा प्रकार मोठ्या शहरांत सर्रास चालतो. अंगरक्षकाला वाटते, मालकाच्या तिजोरीत सुरक्षित आहे. कायदा असे मानत नाही. ज्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार नाही, अशा माणसाच्या ताब्यात ते देणे हा देणाऱ्याचा गुन्हा आहे. कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे असणे म्हणजे शस्त्र दुसऱ्याकडे असणे, इतके हे सरळ आहे.

घरी शस्त्र ठेवण्याची आपली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. लोखंडी कपाट, वरचा खण, साड्यांच्या किंवा जुन्या फायलींच्या खाली, कापडात गुंडाळलेले. कपाटाची किल्ली खुंटीवर नाहीतर देवघरात. घरातल्या दहा वर्षांच्या पोराला ही जागा माहीत नसते, असे समजणाऱ्या आईबापांचे मला फार आश्चर्य वाटते. शस्त्राला स्वतंत्र पेटी हवी. दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, आतल्या बाजूने चार अँकर बोल्टने काँक्रीटच्या किंवा विटांच्या पक्क्या भिंतीला आवळलेली. नुसती ठेवलेली पेटी चोर उचलून नेतो आणि घरी जाऊन निवांत फोडतो. किल्ली एकच वापरात असावी आणि ती परवानाधारकाकडेच असावी. दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. आकड्यांचे कुलूप असेल तर जन्मतारीख, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख हे आकडे नकोत, कारण मुले पहिल्यांदा तेच लावून बघतात. काडतुसे वेगळ्या कुलपात. शस्त्र रिकामे करूनच आत जावे. चापाला लावायचे कुलूप मिळते, ते चांगले आहे, पण भरलेल्या शस्त्राला ते कधीही लावू नये. कड्यातून आत जाणारा त्याचा खिळाच चाप दाबू शकतो.

काही जण म्हणतील, रात्री दरोडा पडला तर काडतुसे शोधत बसायचे का? प्रश्न रास्त आहे. एकाच पेटीत दोन स्वतंत्र कप्पे करून, परवानाधारक ज्या खोलीत झोपतो त्या खोलीतच ती पेटी बसवली, तर सराव असलेल्या माणसाला शस्त्र भरायला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागत नाही. उशीखाली भरलेले पिस्तूल ठेवण्यात अर्धा मिनिट वाचतो आणि बदल्यात वर्षाचे ३६५ दिवस घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर टांगती तलवार राहते. हा सौदा मला पटत नाही.

आता पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम. तो ठरलेला आहे आणि उलटा झाला की गोळी सुटते. बोट चापाच्या कड्याबाहेर, चौकटीवर सरळ ताणलेले. नळीचे तोंड अशा दिशेला, की गोळी सुटलीच तर ती मातीत किंवा जाड भिंतीत रुतेल. शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीकडे ते नको, तिच्यावरून गोळी उसळते. पत्र्याच्या पार्टिशनकडे तर अजिबात नको. शेजारच्या खोलीत कोण आहे हे लक्षात असले पाहिजे. मग पहिल्यांदा मॅगझीन, म्हणजे दस्त्यात बसणारा काडतुसांचा खण, काढून बाजूला ठेवायचे. ते बाहेर आल्यावरच स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढायची, दोन-तीन वेळा, आणि शेवटी मागे अडकवून ठेवायची. चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार बसलेले, काडतूस बाहेर पडलेले डोळ्यांना दिसले पाहिजे. त्यानंतर चेंबरमध्ये पाहायचे आणि करंगळीचे टोक लावून चाचपायचे. अंधारात, घाईत, चष्मा नसताना डोळा फसतो, बोट फसत नाही.

चूक होते ती इथे: आधी स्लाइड ओढली जाते, चेंबरमधले काडतूस उडून पडते, स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि मग मॅगझीन काढले जाते. हातात रिकामे वाटणारे, प्रत्यक्षात भरलेले पिस्तूल राहते. माणूस ‘खात्री करायला’ चाप ओढतो. मॅगझीन काढल्यावर पिस्तूल झाडता येत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि बऱ्याच पिस्तुलांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. दुसरी चूक हाताची. बत्तीस बोअरचे पिस्तूल लहान असते, त्याची स्लाइड आखूड असते, आणि ती ओढताना डाव्या हाताचा तळवा नळीच्या तोंडासमोर येतो. स्लाइड मागच्या बाजूने, खाचांवर, वरून पकडायची म्हणजे तळवा पुढे येत नाही.

जे रोज सकाळी पिस्तूल भरतात आणि रात्री रिकामे करतात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तेच ते काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये ढकलले गेले की समोरची गोळी पितळी टोपणात थोडी थोडी आत सरकते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो. असे काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे करून पाहिले तर आखूड झालेले लगेच दिसते. ते बाजूला काढावे आणि विक्रेत्याकडे जमा करावे. कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नये.

रिव्हॉल्व्हर हा सोपा आणि म्हणून बिनधोक प्रकार मानला जातो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली. ठेवताना ते हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. हा दोष एका माणसाचा म्हणून सोडून देता येणार नाही. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागचा हातोडा, काडतुसाच्या टिकलीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या ठिपक्यावर, जवळजवळ टेकलेला असतो. शस्त्र घोड्यावर आदळले की तो धक्का थेट टिकलीला बसतो. नव्या बनावटीत मधे अडसर असतो, पण तो झिजतो, तुटतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यामुळे जुने रिव्हॉल्व्हर बाळगावेच लागत असेल तर फिरत्या चक्राच्या सहा घरांत पाचच काडतुसे भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवणे हा जुना आणि शहाणा रिवाज आहे. घरी पोहोचल्यावर तर सहाही घरे रिकामी. कानपूरच्या कारखान्याचे मोडून उघडणारे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे सर्वाधिक दिसते. ते उघडताना नळीचे तोंड जमिनीकडे असते आणि काडतुसे वर उचलली जातात. त्यातले एखादे, काडतुसे उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली सरकून परत घरात बसते. म्हणून बाहेर पडलेली मोजायची. पाच भरली होती तर पाच हातात आली पाहिजेत. आणि कोणाला नुसती दहशत घालायला घोडा मागे ओढू नये. ओढलेल्या घोड्यावर चाप अगदी हलका होतो, आणि न झाडता घोडा परत खाली आणताना घामेजलेला अंगठा निसटतो.

कोकणातला प्रश्न वेगळा आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाचे परवाने मोठ्या संख्येने आहेत आणि त्यावर ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या एकनळी, दुनळी बंदुका आहेत. नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ही ठासणीची बंदूक एकदा भरली की सहजासहजी रिकामी करता येत नाही, म्हणून ती भरलेलीच भिंतीला टांगली जाते. निदान केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, काढून ठेवायला विसरू नये, ही किमान अपेक्षा आहे. भरली आहे की नाही हे गज घालून कळते. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो त्याची खूण गजावर करून ठेवावी. गज त्या खुणेपेक्षा वर थांबला तर आत भरलेले आहे. ही खूण नसल्यामुळेच भरलेल्या नळीत दुसऱ्यांदा ठासले जाते आणि नळी फुटते.

बारा बोअरच्या बाबतीत पावसाळा संपल्यावरची पहिली तपासणी सर्वांत महत्त्वाची. चार महिने उभी असलेली बंदूक मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून उघडून, काडतूस न घालता, नळीतून उजेडाकडे पाहावे. कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते. साफ करताना तुटलेला चिंधीचा तुकडा आत राहिलेला असतो. बांधावरून पडताना तोंडात चिखल गेलेला असतो. पेरभर मातीनेही नळी फुगते किंवा फाटते. दुसरा धोका वीस बोअरच्या काडतुसाचा. ते बारा बोअरच्या चेंबरमधून घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे दिसते, तो त्यात बारा बोअरचे काडतूस घालतो आणि झाडतो. दोन्ही मापांची काडतुसे एका डब्यात, एका पट्ट्यात कधीही नसावीत. चेंबरची लांबीही पाहावी. अडीच इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस बसते, पण उघडायला त्याच्या तोंडाला जागा उरत नाही. नळीवर लांबी कोरलेली असते. वाचता येत नसेल तर शस्त्र दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी. आजोबांच्या काळातल्या, पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार नळ्यांच्या बंदुका आजच्या काडतुसांनी झाडू नयेत. भिंतीवर शोभेला ठेवायच्या असल्या तरी परवाना लागतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वन खात्याची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. एरवी त्या बंदुकीचा उपयोग हवेत बार काढून जनावर पांगवण्यापुरता. आणि रात्री बॅटरीच्या झोतात चमकणाऱ्या दोन डोळ्यांवर बार टाकणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते की त्या डोळ्यांमागे शेजाऱ्याची म्हैस असू शकते, तिच्यामागे राखण करणारा गडी असू शकतो. पूर्ण जनावर आणि त्याच्या मागची जमीन दिसल्याशिवाय चाप ओढायचाच नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात. शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेल्या क्षारांनी धातूला खड्डे पडतात. खोबरेल तेल लावू नये, थंडीत ते गोठते आणि एरवी चिकटून धूळ धरते. बंदुकीचे पातळ तेल नसेल तर शिलाई मशीनचे तेल चालेल, पण बोटाला लागेल एवढेच, थेंब गळेल इतके नाही. काडतुसांना तेलाचा हात अजिबात नको, कारण ते टिकलीतून आत झिरपते आणि ऐन वेळी काडतूस फुकट जाते. आपल्याकडची बहुतेक काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ अशी मोहोर असलेली. ती चांगली आहेत, पण दहा-दहा वर्षे दमट कपाटात ठेवलेले काडतूस कोणत्याही कारखान्याचे असो, त्याचा भरवसा नाही. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबायचे, मग उघडायचे. बार उशिराने पेटू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचे, शस्त्र रिकामे करायचे आणि नळी तपासायची. गोळी नळीतच अडकली असेल आणि मागून दुसरी झाडली तर नळी जाते, त्याबरोबर बोटेही.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पूजेला काढतात. ही आपली जुनी रीत आहे, ती जरूर पाळावी. पण कपाटातून काढल्यावर सर्वांत आधी वरच्या क्रमाने रिकामे करून, पिस्तुलाची स्लाइड मागे अडकवून किंवा बंदूक मोडून, मगच पाटावर ठेवावे. काडतुसे पाटावर मांडू नयेत. हळदकुंकू घोड्याच्या आणि स्लाइडच्या फटीत गेले की ओल धरून गंज चढतो, म्हणून ते दस्त्यावर लावावे. आरती झाली की लगेच पुसून, तेल लावून परत कुलपात. दिवसभर पाटावर, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या हाताशी ते राहता कामा नये.

पूजेनंतर किंवा वरातीत हवेत बार काढणे हा मात्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र तरतूद आली. आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला लागली नाही, हा बचाव होत नाही. आणि लागत नाही असे समजू नये. साध्या पॉइंट बावीस बोअरची लहानशी गोळीदेखील तिरकी झाडली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते. मांडवातला हात कधीच काटकोनात सरळ वर नसतो. तो गर्दीत, नाचताना, हमखास तिरका होतो. गोळी दुसऱ्या गल्लीतल्या गच्चीवर उतरते आणि झाडणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळते.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेतानाही नियम आहेत. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्यानात, पूर्ण झाकलेले, स्वतःच्या ताब्यात. शर्ट वर करून दाखवणे, टेबलावर काढून ठेवणे, हातात घेऊन चित्रफीत काढणे हे सगळे परवाना रद्द व्हायला पुरेसे आहे, आणि माझ्या मते व्हायलाच हवा. ज्याला शस्त्र दाखवावेसे वाटते, त्याची गरज संरक्षणाची नाहीच. दारूच्या बैठकीला शस्त्र न्यायचे नाही, त्यात ‘एकच पेग’ वगैरे काही नसते. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून हॉटेलच्या माणसाच्या हाती किल्ली देणे म्हणजे शस्त्र अनोळखी माणसाच्या ताब्यात देणे. प्रवासाच्या बॅगेचे कप्पे निघण्याआधी उलटे करून झटकावेत. विसरलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर अटकेपर्यंत पाळी येते.

स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दलही फार गैरसमज आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क दिला आहे. पण कलम ३७ त्याच्या मर्यादा सांगते. पोलिसांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला आवश्यक तेवढ्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. रात्री घर फोडून आत शिरणारा दरोडेखोर आणि कुंपणावरून उडी मारून पळणारा आंबाचोर हे कायद्याच्या नजरेत एक नाहीत. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेल्या गोळीचे समर्थन करणे फार कठीण. बांधाच्या भांडणात, भाऊबंदकीत, रस्त्यावरच्या ‘कट मारला’ वादात शस्त्र बाहेर निघाले की ते स्वसंरक्षण राहत नाही.

याहून नाजूक बाब आहे मनाची. परवाना देताना मानसिक आणि शारीरिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र घेतले जाते. पण ते त्या दिवसापुरते. पुढे पाच वर्षांत धंदा बुडतो, जवळचे माणूस जाते, घरात घटस्फोट होतो, व्यसन लागते. अशा वेळी बंदूक घरात असणे हाच मोठा धोका असतो, कारण आततायी विचार तासाभराचा असतो आणि शस्त्र त्याला तेवढाही वेळ देत नाही. परवानाधारकाने स्वतःहून ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. यात कमीपणा काही नाही, परवानाही त्यामुळे जात नाही. घरच्यांनीही लाज न बाळगता हा विषय काढावा. कायमचा खोकला असला की डॉक्टरकडे जायला सांगतो, मग चार महिने नीट न झोपणाऱ्या माणसाला बंदूक जमा करायला सांगायला काय हरकत आहे?

परवानाधारक वारला की घोळ सुरू होतो. त्या दिवसापासून घरातले शस्त्र विनापरवाना असते. दिवस-कार्य उरकल्यावर बघू, मग वाटणी झाल्यावर बघू, असे म्हणत वर्ष जाते. कायद्यात ‘अनावश्यक विलंब न करता’ असे शब्द आहेत. शस्त्र, सगळी काडतुसे आणि मूळ परवाना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे, पावतीवर क्रमांक जुळवून पाहावा आणि मग वारसांपैकी एकाने, बाकीच्यांच्या ना-हरकत पत्रांसह, स्वतःच्या नावे अर्ज करावा. खरे तर मरणाची वाट पाहण्याचीही गरज नाही. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, की त्याला हयातीतच वारस सुचवता येतो. हात थरथरू लागलेल्या वडिलांशी हे बोलणे अवघड असते, पण मुलांनी ते बोलावे. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारसाने आलेले शस्त्रही त्यातच मोजले जाते, हेही अनेक घरांना अजून माहीत नाही.

प्रशिक्षणाचे काय? २०१६ च्या नियमांनुसार अर्जदाराने सुरक्षित हाताळणी, झाडण्याची पद्धत, देखभाल, साठवण, वाहतूक आणि कायद्याची जुजबी माहिती यांचे प्रशिक्षण पूर्ण करायचे असते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रमाणपत्र आधी आणि शस्त्र नंतर अशी स्थिती असते, म्हणजे माणूस जे शस्त्र पुढे बाळगणार, ते त्याने प्रशिक्षणात हातात धरलेलेच नसते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे हे नेमबाज ज्या कोल्हापूरने दिले, ते कोल्हापूर असलेल्या आपल्या राज्यात रेंजची शिस्त शिकवणाऱ्यांची वानवा नाही. रेंजवर शस्त्र खाली ठेवताना चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो, म्हणजे ते रिकामे आहे हे दहा फुटांवरूनही दिसते. पुढे लक्ष्याजवळ माणसे असताना शस्त्राला कोणी हात लावत नाही. ऑलिम्पिक पदकविजेत्यालाही हा नियम आहे. ज्याने आयुष्यात पाच गोळ्याही झाडलेल्या नाहीत, तो मात्र सोफ्यावर बसून पाहुण्यांना पिस्तूल हाताळायला देतो. शस्त्र खरेदी केल्यानंतर सहा महिन्यांत त्याच शस्त्राने, रेंजवर, प्रशिक्षकासमोर भरणे, रिकामे करणे आणि किमान २५ गोळ्या झाडणे सक्तीचे करावे आणि दर नूतनीकरणाला ते पुन्हा करून घ्यावे. त्याच वेळी घरातल्या पेटीची पाहणी बीट अंमलदाराने करावी. चारित्र्य पडताळणीला तो घरी येतोच.

शेवटची मागणी प्रशासनाकडे आहे. निवडणूक आली की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांची जमा करण्याऐवजी जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवावे, अशी पद्धत आहे. ती नीट पाळली जावी. जे जमा करायचे ते विनातक्रार करावे, त्यात वाद नाही. पण ठाण्यातल्या खोलीत शस्त्रे एकावर एक रचली जातात, सुतळीने बांधलेली चिठ्ठी गळून पडते, आणि दोन महिन्यांनी मिळते तेव्हा नळीत तांबूस गंज असतो. मग पुढच्या वेळी लोक टाळाटाळ करतात. प्रत्येक शस्त्राला तेलाचा हात, जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात ओल शोषणारी पुडी, क्रमांक कोरलेला बिल्ला आणि घेताना दोन्ही बाजूंनी काढलेले छायाचित्र, एवढे केले तरी पुरे. यातला तेल-पिशवीचा खर्च परवानाधारक आनंदाने देतील. जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त कार्यालयांनी पुढच्या निवडणुकीआधी असा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक व नेमबाजी प्रशिक्षक,
कोल्हापूर